गफूरचाचांच्या गाडीचा बझर

आमच्या घरात मार खाण्यालाही शिस्त होती, असं मी म्हणते तेव्हा माझ्या सुनेला मी गंमत करते आहे असं वाटतं. गंमत कसली डोंबलाची. बाबा कारखान्यातून आले की ते सायकल कशी ठेवतात याकडे आईचे कान असायचे. स्टँडचा खटका ऐकू आला तर ती निवांत पोळ्या लाटत राही. सायकल नुसतीच भिंतीवर आपटली तर ती आधी गॅस बारीक करी, मग बत्ता, लाटणं, अडकित्ता अशा जड वस्तू फडताळात टाकी आणि पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी जाई. मी रेडिओ बंद करायची. ताई लग्न होऊन अमरावतीला गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मार वाटून घ्यायला माणसं कमी झाली होती. माझं वय तेव्हा सतरा-अठरा. पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल शाखेत आम्ही दोनच मुली होतो. त्यातली एक आपली, याचा बाबांना एवढा अभिमान की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटत. आणि त्याच दिवशी वरणात मीठ कमी पडलं म्हणून माझ्या पाठीवर वळ उठवत.

आम्ही मूळ नागपूरचे. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत बाबा लग्नानंतर लगेच आले आणि मग आमचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालू लागलं. सकाळचा भोंगा झाला की एकाच वेळी शेकडो सायकली रस्त्यावर येत आणि पाच मिनिटांत रस्ता रिकामा होई. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे तारेचं कुंपण, त्यात आईने लावलेला सांबार आणि दोन पपया. कोथिंबिरीला सांबार म्हणणारी माणसं वसाहतीत फारशी नव्हती; दोन घरं पलीकडे राहणाऱ्या पुण्याच्या वहिनी हसत, आणि आई त्यांना मुद्दाम सांबारवडी नेऊन देई. रविवारी सकाळी बाबा स्वतः बाजारातून जिलबी आणत, पोह्यांवर शेव घालत, मला पहिली बशी देत. मिश्रांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एका विटेची भिंत होती. आमच्याकडचं सगळं त्यांना ऐकू जात असणार, कारण मिश्राकाकू दुसऱ्या दिवशी न मागता हळद-तेल घेऊन येत. विचारत मात्र काही नसत.

बाबा कारखान्याच्या ट्रान्स्पोर्ट सेक्शनमध्ये जड ट्रकांचं इलेक्ट्रिकल काम बघत. शिक्षण आठवीपर्यंत, पण ट्रकमधला दोष शोधण्यात त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या गॅरेजमध्ये नव्हता. आणि तिथे ते इतके शांत असत की मला ते कोणी दुसरेच गृहस्थ वाटत. एकदा डबा पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. दुसरा मिस्त्री चिडून बॉनेटवर पाना आपटत होता, आणि बाबा त्याला म्हणत होते, "मशीन पे हाथ नहीं उठाने का. वो तो बता ही रही है, तू सुन नहीं रहा." मी डबा हातात धरून ऐकत राहिले. आदल्याच दिवशी त्यांनी आईच्या हातातलं ताट उडवलं होतं.

आता थोडं ट्रकबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन टाकीत हवा भरत राहतं, पायाने ब्रेक दाबला की ती हवा चाकांपर्यंत जाते. टाकीत हवा कमी झाली तर ब्रेक लागत नाहीत, म्हणून टाकीला एक प्रेशर स्विच बसवलेला असतो, लिंबाएवढा, पितळेचा, वर काळं टोपण. हवा एका मर्यादेखाली गेली की तो केबिनमधला बझर वाजवतो. समोर हवेचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळही असतं, पण उतारावर भरलेली गाडी हाकणारा ड्रायव्हर रस्ता बघेल की घड्याळ? त्याला बझरचाच भरवसा. आता हा स्विच खराब झाला तर हवा भरपूर असूनही बझर कोकलत राहतो, आणि आठ तास ते ऐकलं तर माणूस वेडा होईल. मग ड्रायव्हर काय करत, तर स्विचवरची वायर उपटून टाकत. गॅरेजमध्ये त्याला शब्दच होता, गाडी का मुँह बंद करना. सगळे करत. साहेबांना माहीत होतं, मिस्त्र्यांना माहीत होतं, कधी कधी मिस्त्रीच करून देत आणि वायरच्या टोकाला पट्टी गुंडाळून ती डॅशबोर्डखाली दुमडून ठेवत. बाबांना याचा भयंकर तिटकारा होता. ते स्विच काढून घरी आणत आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर दुरुस्त करत.

त्या कामात मी त्यांची जोडीदार होते. सायकलचा पंप, हवेचं एक जुनं घड्याळ, रबरी नळी, बॅटरी आणि छोटा बल्ब, एवढं आमचं सामान. मी पंप मारून दाब सहा किलोपर्यंत नेई, बाबा हळूहळू हवा सोडत, आणि बल्ब कोणत्या आकड्याला पेटतो ते मी ओरडून सांगायचं. लागोपाठ तीनदा तोच आकडा आला तर स्विच पास. शिवाय त्यांचे सगळे रिपोर्ट मी लिहायची. वर रिपोर्ट इंग्रजीत लागत. बाबांचं इंग्रजी ट्रकच्या सुट्या भागांच्या नावांपुरतं होतं. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे, खाली ते सही करत. साहेब म्हणत, तुमची भाषा फार स्वच्छ आहे. बाबा घरी येऊन ते मला सांगत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवत. त्या हाताची मला भीतीही वाटायची आणि तो तिथेच राहावा असंही वाटायचं. हे कोणाला समजावून सांगायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

त्या शनिवारी बाबांनी गफूरचाचांच्या ट्रकचा स्विच आणला. गफूरचाचा सेक्शनमधले सर्वांत जुने ड्रायव्हर, अस्सल भोपाळी, तोंडात कायम पान आणि बोलण्यात कायम चेष्टा. दुपारी ते बाबांना म्हणाले होते, "को उस्ताद, ये गाड़ी तो मेरी बेगम से ज़्यादा बोल रई है. मुँह बंद कर दूँ इसका?" बाबांनी त्यांना झापलं होतं आणि सोमवारी सकाळी स्विच दुरुस्त करून लावून देतो म्हणून शब्द दिला होता. संध्याकाळी आम्ही टेबलावर बसलो. बाबांनी आतले काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, स्प्रिंग बदलली. मी पंप मारला. काटा साडेचार किलोवर आला तेव्हा बल्ब पेटला. परत मारला. परत साडेचार. बाबा खुशीत होते. आईने गोळाभात केला होता, त्यावर घालायला कढवलेलं हिंगाचं तेल, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"गोळाभात निवून राहिला. दोन घास खाऊन मग करा ना," ती म्हणाली.

"दिसत नाही का, काय करून राहिलो?" बाबा म्हणाले, पण आवाज अजून बरा होता.

आईने ताट आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. ताटाच्या कडेने बॅटरीची वायर सरकली. मी तिसऱ्यांदा पंप मारला, बाबांनी हवा सोडली, काटा साडेचारच्या खाली गेला, चारच्या खाली गेला, बल्ब काही पेटला नाही. बाबांच्या मानेची शीर उभी राहिलेली मला दिसली. त्यांनी स्विचकडे पाहिलं, मग बल्बकडे, मग ताटाखालून लोंबणाऱ्या वायरकडे. मी म्हणाले, "बाबा, नुसती वायर निघाली आहे, मी लावते." ते ऐकत नव्हते. त्यांनी नळीतून स्विच उपटला आणि सगळी ताकद लावून आईवर फेकला.

तो तिच्या भुवईच्या वर लागला. आवाज मला अजून ऐकू येतो, नारळ दगडावर टाकावा तसा. आई खाली बसली, पडली नाही, बसली, आणि तिच्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत गेलं. बाबा रबरी नळी घेऊन तिच्याकडे निघाले. एवढ्या वर्षांत मी कधी मध्ये पडले नव्हते, पण त्या दिवशी मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझं मनगट असं पिरगाळलं की मी टेबलावर आडवी झाले, गोळाभात, तेल, बॅटरी सगळं जमिनीवर. मग नळी माझ्या पाठीवर, मानेवर, कानावर बसत राहिली. आई बसल्या जागेवरून म्हणत होती, "तिला नको, अहो, तिला नको." मला त्या वेळी बाबांचा खून करावासा वाटला. मी हे सभ्य शब्दांत सांगू शकते, पण सांगणार नाही. खून करावासा वाटला.

रविवारी वसाहतीच्या दवाखान्यात आईच्या कपाळाला टाके पडले. नळावर पाय घसरला, असं तिने सांगितलं आणि डॉक्टरांनी ते मान खाली घालून लिहून घेतलं. बाबा जिलबी घेऊन आले. स्विच पलंगाखाली सापडला. काळं टोपण मधोमध चिरलेलं, आतला पॉइंट तुटलेला. आता तो कोणाच्या बापालाही दुरुस्त होणार नव्हता. बाबांनी तो कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. ते बाहेर गेल्यावर मी तो काढून माझ्या ड्रॉइंगच्या पेटीत टाकला. का, ते मलाही माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळचं मला नंतर कळलं, पण क्रमाने इथेच सांगते. गफूरचाचांच्या ट्रकवर लोखंडी पाइप भरून तयार होते, शहराबाहेर कोलारच्या बाजूच्या एका साइटवर माल जायचा होता. स्टोअरमध्ये नवा स्विच नव्हता. बाबांनी साहेबांना सांगितलं असतं तर दुसरा ट्रक मिळाला असता, माल उशिरा गेला असता, बस. पण मग विचारलं गेलं असतं की स्विच कुठे आहे, आणि कसा फुटला. बाबांनी टाकीच्या त्या भोकाला बूच मारलं, वायरच्या टोकाला पट्टी गुंडाळली, ती डॅशबोर्डखाली दुमडली, आणि गफूरचाचांना सांगितलं, "ठीक कर दिया." ज्या गोष्टीचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता ती त्यांनी केली. मग त्यांचं मन खात असावं, कारण जड मालामागे जी जीप जायची तिच्यात त्या दिवशी दुसऱ्या मिस्त्र्याची पाळी असताना ते स्वतः बसले.

चार इमलीच्या बंगल्यांखालून कोलारकडे जाणारा उतार तेव्हा आजच्यासारखा दुकानांनी भरलेला नव्हता. एक वळण, वळणावर चहाची टपरी, पलीकडे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या. आमची पॉलिटेक्निकची बस दुपारी त्या रस्त्याने परत यायची. त्या दिवशी ती थांबली आणि पुढे जाईना. ड्रायव्हर खाली उतरला, मग आम्ही उतरलो. उताराच्या तळाशी ट्रक आडवा होता, टपरीच्या जागी नुसते पत्रे, आणि पाइप सुटून रस्ताभर पसरलेले. एक गवंडी जागच्या जागी गेला होता. त्याच्या बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती केसांतली माती बोटांनी काढत होती. टपरीवाल्याचा पाय पाइपाखाली होता आणि तो ओरडत होता, मग ओरडायचा थांबला. मागच्या चाकांकडची हवेची नळी घासून फाटली होती, हवा वाटेतच हळूहळू गेली होती, आणि गफूरचाचांनी वळणावर ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली काही नव्हतं. हँडब्रेक एवढ्या वजनाला पुरला नाही.

लोकांनी गफूरचाचांना केबिनच्या खिडकीतून ओढून काढलं. त्यांचा सदरा फाटून गळ्यात अडकला होता. आधी चपला, मग पट्टे, मग विटांचे तुकडे. मारणारे सगळे त्या झोपड्यांतले नव्हते. स्कूटर थांबवून दोन ठोसे देऊन परत स्कूटरवर बसणारे मी पाहिले, त्यातला एक आमच्याच वसाहतीतला, गणपतीच्या वर्गणीला घरी येणारा. चाचा हात जोडून काही तरी म्हणत होते. एकाने टपरीच्या पत्र्याखालची सळई उचलली आणि त्यांच्या तोंडावर मारली. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात धरला, आणि हाताखालून जे आलं ते पाहून माझी मैत्रीण रस्त्यातच ओकली.

तेवढ्यात बाबा दिसले. जीप मागे अडकली होती, ते पळत आले होते. ते त्या गर्दीत असे घुसले की मला वाटलं, आता हेही मारणार. त्यांनी चाचांना खाली पाडलं आणि स्वतः त्यांच्या अंगावर पालथे पडले. लाथा, विटा, सळई सगळं त्यांच्या पाठीवर. "उसकी ग़लती नहीं है," बाबा ओरडत होते. "मारना है तो मुझे मारो. उसकी ग़लती नहीं है." त्यांच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि ते हलत नव्हते. पोलिसांची गाडी येईपर्यंत ते हलले नाहीत. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हुंदके देऊन रडले. भीतीने नव्हे. दोनच दिवसांपूर्वी ज्या माणसाचा मला खून करावासा वाटला होता, त्याचा मला इतका अभिमान वाटत होता की छाती फुटेल असं वाटलं.

वसाहतीत बाबांचं नाव झालं. मिश्राकाका हार घेऊन आले. मंगळवारी सकाळी ट्रक ओढून गॅरेजमध्ये आणला, आणि दोष कुठे होता ते शोधायचं काम साहेबांनी अर्थातच सर्वांत भरवशाच्या माणसाला दिलं. बाबांना. दुपारी ते घरी आले. सायकलचा आवाज झालाच नाही, कारण ते ती हातात धरून चालत आले होते. तीन माणसांच्या घरात तीन पट्ट्या होत्या, त्यांच्या डोक्याला, आईच्या कपाळाला आणि माझ्या मनगटाला. त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं.

गाडीचा नंबर, माल, टाकीची स्थिती, फाटलेली नळी, सगळं त्यांनी नेहमीसारखं नीट सांगितलं. मी लिहीत गेले. मग ते थांबले आणि म्हणाले, "लिही. प्रेशर स्विच जागेवर आहे, चालू आहे. सोमवारी सकाळी मी स्वतः लावला. वायर मात्र काढलेली सापडली. ड्रायव्हरला वायर काढायची सवय आहे, आधी एकदा त्याला ताकीद दिली होती."

शेवटचं वाक्य खरं होतं. वर्षभरापूर्वी दुसऱ्या ट्रकवर चाचांनी तसं केलं होतं, आणि तो रिपोर्टही मीच लिहिला होता.

"स्विच माझ्या पेटीत आहे," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दुसऱ्या गाडीचा काढून लावला मी सकाळी," ते म्हणाले. मग सोमवारचं सगळं त्यांनी सांगितलं, बूच, पट्टी, ठीक कर दिया. दोष शोधताना सांगत तसंच, एकापुढे एक.

"काल तर तुम्हीच ओरडून सांगत होता. त्याची चूक नाही म्हणून. मी तिथे होते, बाबा."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा हात टेबलावर होता, त्याची मूठ झाली, आणि मी मान खाली घालून वाट बघत राहिले. पण त्यांनी मारलं नाही. बोलली ती आई, भिंतीला टेकून बसलेली, टाक्यांमुळे एक डोळा अर्धा मिटलेला.

"लिहून टाक गं, नंदा."

"आई?"

"नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, वरून जेल. आपण कुठे जाऊ? नागपूरला, तुझ्या काकाच्या दारात? तुझं कॉलेज? लिही."

"आणि चाचा?"

 आई रडत होती, पण तिने मान हलवून कागदाकडे बोट दाखवलं.  शेजारी मिश्राकाकू डाळीला फोडणी देत होत्या, मोहरी तडतडली ती ऐकू आली. मला एकच गोष्ट दिसत होती. या घरात पहिल्यांदाच काही तरी माझ्या हातात होतं. आणि मी काय केलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी सौदा केला.

"लिहिते," मी म्हणाले. "पण आईच्या अंगाला पुन्हा हात लावला तर मी स्विच घेऊन साहेबांकडे जाईन. त्यावर तिचं रक्त वाळलेलं आहे, मी पुसलेलं नाही."

बाबांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. माझे वडील मला घाबरले होते. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मी लिहिलं, माझ्या स्वच्छ इंग्रजीत. खाली त्यांनी सही केली.

त्यानंतर बाबांनी आईला किंवा मला कधी मारलं नाही. एकदाही नाही. सायकलचा स्टँड लागो न लागो, आई पोळ्या लाटत राहायची. हळूहळू ती गाणं गुणगुणायला लागली, वर्षभरात तिचं अंग भरलं, आणि तिने गुरुवार धरले, कारण तिला वाटायचं की देवाने यांना बुद्धी दिली. मी सौदा केला तेव्हा ती स्वतः तिथे होती, तरी दहा वर्षांनी तिला तसंच आठवत होतं. मी तिची समजूत मोडली नाही. गफूरचाचांची नोकरी गेली, डावा डोळा गेला, आणि खटला संपेपर्यंत त्यांचं घर विकलं गेलं. न्यायालयात तो रिपोर्ट साहेबांच्या नावाने, इंग्रजीतच वाचला गेला, असं बाबांनी एकदा जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "भात वाढू का?" बाबा म्हणाले, "वाढ." शेवटी तो स्विच मी लग्नाच्या आधी भंगारवाल्याला देऊन टाकला. तोवर त्याची गरज उरली नव्हती, बाबांना सवय झाली होती.

मी पुढे याच धंद्यात पडले. तीस वर्षं मुलांना जड गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम शिकवलं. आता मी कोलार रोडवर राहते, त्याच उताराच्या पुढे, आणि माझे जुने विद्यार्थी कधी भेटायला येतात. आताच्या ट्रकमध्ये चाका-चाकाला सेन्सर असतात. लॅपटॉप जोडला की तो कोड दाखवतो, कोणता सेन्सर, कोणती वायर. मुलं सांगतात, मॅडम, आजही ड्रायव्हर सूचनेचा दिवा बंद करून मागतात. मी त्यांना वर्गात एकच गोष्ट बेंबीच्या देठापासून ओरडून शिकवली, की सूचना देणारी वायर कधी काढायची नाही. एका मुलाने ती काढली तेव्हा मी त्याच्या कानाखाली वाजवली होती.  मी त्याची माफी मागितली नाही, मागायला हवी होती.

बाबा गेले ते पुष्कळ वर्षांनी, झोपेत, सुखाने. क्वार्टर सोडून आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात होतो. अंगणात माणसं जमली होती, निवृत्त मिस्त्री, मिश्राकाका, गॅरेजमधली नवी पोरं. आणि फाटकातून गफूरचाचा आले. दाढी पूर्ण पांढरी, डाव्या डोळ्याच्या जागी सुरकुतलेली कातडी, हातात काठी. ते कुठल्याशा कॉलनीच्या गेटवर चौकीदार होते, कोणी तरी बातमी दिली म्हणून दोन बस बदलून आले होते. ते बाबांच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी खांदा दिला. अशक्त माणूस, सारखे अडखळत होते, लोक म्हणाले, चाचा, रहने दो. त्यांनी सोडलं नाही. घाटावर म्हणे ते प्रत्येकाला ती हकीगत सांगत होते, गर्दी कशी होती, सळई कशी लागली, आणि उस्ताद कसे वरून येऊन पडले.

घाटावरून परत आल्यावर ते माझ्याजवळ आले. सुतकाच्या घरात मी पायरीवर बसले होते. माझ्या तोंडात शब्द तयार होते. इतकी वर्षं मी ते मनातल्या मनात जुळवले होते, हिंदीत, त्यांना कळतील असे. स्विच हमारे घर पे था, चाचा. एवढं एकच वाक्य. बाबा गेले होते, नोकरी, क्वार्टर, जेल, कशाचीच भीती उरली नव्हती. आई आत बायकांमध्ये होती, ऐकू गेलं नसतं.

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बिटिया," ते म्हणाले, "सारी दुनिया मुझे मार रई थी, और एक तेरा बाप था. मुक़द्दमा हुआ, नौकरी गई, बीवी तक ने पूछा कि सच बोलो, वायर तुमने निकाली थी क्या. इतनी बार पूछा सबने कि मैं ख़ुद सोचने लगा, शायद मैंने ही निकाली होगी. एक तेरे बाप ने चिल्ला के कहा था, इसकी ग़लती नहीं है. उसी एक बात पे जी गया मैं. ऐसा बाप नसीबवालों को मिलता है."

त्यांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. मी वर त्यांच्या उजव्या डोळ्याकडे पाहिलं.

"जी, चाचा," मी म्हणाले.